कपाटातला व्हायोला आधी बाहेर काढा

प्रश्न : आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, अकरावीत ७४ टक्के होते. सात वर्षांची असल्यापासून व्हायोलिन शिकते, सातवी ग्रेड झाली आहे. गेल्या वर्षी तिच्या सरांनी चार मुलांचं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचा मेळ, बसवलं आणि हिच्या हातात व्हायोलिनऐवजी व्हायोला दिला, व्हायोलिनसारखाच पण जरा मोठा, खालच्या स्वरांचा. ह्यांना ते पटलं नाही. दहा वर्षं शिकून मधल्या खुर्चीत बसून साथच करायची असेल तर कशाला, असं त्यांचं म्हणणं. ‘पहिलं व्हायोलिन देत असतील तर जा, नाहीतर बंद,’ असं सांगून दिवाळीनंतर त्यांनी वाद्य कपाटात कुलूपबंद केलं. तिने वाद घातला नाही, पण जेवताना बोलत नाही. तिला यातच पुढे जायचंय. क्वार्टेटमध्ये करिअर होतं का? आणि तिला पहिलं व्हायोलिन मिळावं म्हणून काय करता येईल? – एक आई, बडोदा

उत्तर :

ताई,

तुमचे दोन्ही प्रश्न पत्राच्या शेवटी आहेत, पण मी त्यांच्या आधीच्या ओळीपाशीच थांबले. ७४ टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी वाटते ती जेवताना न बोलणाऱ्या मुलीची. वाद न घालणारं मूल घरच्यांना समजूतदार वाटतं. माझ्यासमोर अशी मुलं येऊन बसतात, तेव्हा बहुतेकांनी घरी काही सांगणंच सोडून दिलेलं असतं.

बारावीचं वर्ष आहे, अभ्यासासाठी वाद्य चार महिने बाजूला ठेवलं, असं तुम्ही लिहिलं असतं तर ते मला पटलं नसतं, पण समजलं असतं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही. ‘पहिलं व्हायोलिन देत असतील तर जा’ असं सांगितलंत, म्हणजे पहिली खुर्ची मिळाली असती तर बोर्डाच्या वर्षातही तालीम चालली असती. अभ्यासाचा इथे संबंधच नाही. प्रश्न घराच्या मानाचा झालाय आणि त्याची किंमत सतरा वर्षांची मुलगी मोजते आहे. शिवाय क्वार्टेट तिघांचं होत नाही. दिवाळीपासून आणखी तीन मुलांची तालीम तुमच्या घरातल्या कुलपाने थांबवली आहे आणि तुमची मुलगी त्यांना रोज कुठल्या तोंडाने भेटत असेल, याचा विचार कुणी केलाय का?

आता ‘साथ’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे गायक मधे बसतो, साथीदार बाजूला, म्हणून क्वार्टेटकडेही आपण त्याच नजरेने पाहतो. (साथ करणं कमीपणाचं, हेही मला मान्य नाही, पण ते राहू द्या.) दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक सेलो (गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं वाद्य), अशा या चौघांत कुणी कुणाचा साथीदार नसतो. अमेरिकेतलं एमर्सन क्वार्टेट १९७६ पासून २०२३ पर्यंत वाजवत होतं. त्यातले दोघं व्हायोलिनवादक पहिली आणि दुसरी खुर्ची आपसात बदलून घेत. १९३५ साली मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे मेहली मेहता, ऑर्केस्ट्रा-संचालक झुबिन मेहतांचे वडील, पन्नाशी ओलांडल्यावर फिलाडेल्फियाला गेले आणि तिथल्या कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसरं व्हायोलिन वाजवत बसले. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. आणि व्हायोला? लंडनच्या अमाडेअस क्वार्टेटचे पीटर शिडलोफ मूळचे व्हायोलिनवादक, क्वार्टेटसाठी व्हायोलाकडे वळलेले, अगदी तुमच्या मुलीसारखे. १९४७ पासून तेच चौघं एकत्र वाजवत होते. १९८७ मध्ये शिडलोफ गेले तेव्हा उरलेल्या तिघांनी दुसरा व्हायोलावादक शोधला नाही, क्वार्टेटच बंद केलं. ‘मधली खुर्ची’ म्हणतात तिची किंमत त्या तिघांना ठाऊक होती.

मागच्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याच्या घरी मी अशी तालीम पाहिली. मे महिना, तरी पंखा बंद, कारण स्वरलिपीचे कागद उडतात. कागदांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. एक जागा काही केल्या बसत नव्हती, पहिलं व्हायोलिन पुढे धावत होतं आणि सेलो मागे राहत होता. सात-आठ वेळा झाल्यावर व्हायोलावाला मुलगा हळूच म्हणाला, “तुम्ही एकमेकांकडे बघू नका, मधे माझे छोटे छोटे स्वर सारखे चालू आहेत, ते ऐका.” पुढच्या खेपेला ती जागा बसली. तुमच्या यजमानांना अशा एका तालमीला तासभर बसायला सांगा. माझ्या पत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

म्हणून तिला पहिलं व्हायोलिन कसं मिळेल, याचं उत्तर मी देणार नाही. कुणाकडे काय द्यायचं ते सर ठरवतील. खालच्या स्वरांची ओढ आणि दुसऱ्याचं ऐकण्याची सवय दिसल्याशिवाय कुणी शिक्षक मुलाच्या हातात व्हायोला सहसा देत नाही. शिवाय व्हायोलिन वाजवणारे ढिगाने असतात, चांगले व्हायोलावादक कमी. पुढे कुठे ऑडिशन दिली तर हीच गोष्ट तिच्या बाजूने जाईल.

करिअरचं मात्र स्पष्ट सांगते, आणि हे तिलाही वाचायला द्या. फक्त क्वार्टेटवर घर चालवणारे लोक जगात थोडे आहेत आणि भारतात ते आज शक्य नाही. मानधनाचे चार वाटे होतात, त्याआधी प्रवासाचा खर्च जातो, विमानात सेलोसाठीसुद्धा वेगळं तिकीट काढावं लागतं. म्हणून मोठी क्वार्टेटं एखाद्या शिक्षणसंस्थेच्या आधाराने उभी असतात. ज्युलियार्ड क्वार्टेट १९४६ पासून न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड स्कूल या संगीतशाळेशी बांधलेलं आहे. १९७५ मध्ये बुडापेस्टला सुरू झालेलं टाकाच क्वार्टेट पुढे कोलोरॅडो विद्यापीठात स्थिरावलं. हे लोक शिकवतात आणि तिथूनच मैफलींना जातात. आपल्याकडे वाजवण्या-शिकवण्याच्या जागा मोजक्या. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला, चेन्नईचं के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी हे संगीत महाविद्यालय २००८ मध्ये. त्यापलीकडे रेकॉर्डिंग, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे शिकवणं. ज्याला शिकवायला आवडत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे. आणि पूर्ण शिष्यवृत्ती नसेल तर परदेशी संगीतशाळेसाठी घर गहाण ठेवू नका. तिने कितीही हट्ट केला तरी.

बी.कॉम. बडोद्यातच करू दे, सीए फाउंडेशन द्यायचं की नाही ते निकालानंतर ठरवा. युनिव्हर्सिटीच्या परफॉर्मिंग आर्ट्सला घालावं का, असं कुणी सुचवेल. गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने सुरू केलेल्या गायनशाळेतून वाढलेली ती संस्था थोर आहे, पण तिथलं संगीतशिक्षण भारतीय संगीताचं आहे. तुमच्या मुलीची वाट वेगळी आहे.

आज एवढंच करा. कुलूप काढा, आणि ते यजमानांनी स्वतः काढावं. गजाचे केस ताणलेलेच राहिले असतील तर ती वाद्य हातात घेताच ते आधी ढिले करेल, तिला करू द्या. तारा उतरलेल्या असतील, सूर लावायला वेळ लागेल, तेवढा वेळ कुणी काही बोलू नका. रविवारी दोन तास तालीम, बाकी आठवडा अभ्यास, असं तिच्याशी बोलून ठरवा. उरलेल्या तिन्ही मुलांच्या घरी फोन तुम्ही करा, तिला करायला लावू नका. आणि पुढचं पत्र तिने लिहावं. दोन ओळींचं असलं तरी चालेल, मी उत्तर देईन.