हात भरू देत, पण तिच्या मनाने

प्रश्न : आक्का, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. मुलगी अडीच वर्षांची. पाऊस लागला की तिला अंगणात सोडता येत नाही. मोबाइलवर मुलं रंगीत पास्त्यात खेळताना बघितली, म्हणून मीही थोडा शिजवून परातीत मांडला. हिने बोट लावलं आणि रडायलाच लागली. जेवतानाही हाताला शीत चिकटलं की "पूस, पूस" करते. त्यात सासूबाई म्हणाल्या, अन्नाशी खेळ करायचा नसतो. त्यांचं मन दुखवायचं नाही. पण लेकीला हे खेळू द्यावं का? आणि पास्ताच हवा का?
— एक आई

उत्तर : आधी सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं मोडून काढू नकोस, कारण ते खरं आहे. ताटातल्या अन्नाशी खेळायचं नाही, हे मुलांना कळायलाच हवं. म्हणून माझ्या बालवाडीत खेळाची परात वेगळी असायची, तिच्यात जेवायला कधी वाढलं नाही. खेळायला मूठभरच घ्यायचं आणि उरलेलं मुलांनी स्वतः नेऊन कोंबड्यांना घालायचं. हे सासूबाईंना सांग. आणि त्यांनाच विचार, उन्हाळ्यात शेवया, गव्हले, मालत्या, नखुले करायला बायका बसायच्या तेव्हा शेजारी पोरांच्या हातात काय असायचं? पिठाचा गोळाच ना! रुखवतात मांडायच्या मालत्या ज्या बोटांनी वळल्या, ती बोटं त्या गोळ्यावरच तयार झाली.

पास्ता तरी कशाचा, तर डुरम गव्हाच्या रव्याचा. आपल्याकडे दुकानात मिळणारा बन्सी रवा त्याच गव्हाचा. तेव्हा मुद्दाम पाकीट आणायची गरज नाही. घरात असेल तर घे, नसेल तर डब्याच्या तळाशी राहिलेला शेवयांचा चुरा घे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांच्या मागे न लागता आसपास सापडणाऱ्या वस्तू वापरल्या. मला आजही तीच वाट पटते. तुमच्या खानापूरला तर कुंभारकामाची माती आहे! आपल्या भागात पावसाच्या सुरुवातीच्या अमावास्येला मातीचे बैल करून पुजतात. सासूबाई बैल घडवायला बसल्या की लेकीला शेजारी बसव. नुसतं बघू दे.

आता तिच्या रडण्याचं. ओलं, बुळबुळीत काही अचानक हाताला लागलं की कितीतरी मुलं अशी दचकतात. त्याला हट्ट समजू नकोस. तिचा हात धरून परातीत घालायचा नाही. "काही होत नाही गं" असं गोडीने म्हणायचंसुद्धा नाही. हे मी फार कळकळीने सांगते आहे. घरातली मोठी माणसं हौसेने नेमकं तेच करतात आणि मूल आणखी मागे सरतं.

माझ्याकडे एक मुलगा होता. ओलं काही मांडलं की त्याचे दोन्ही हात पाठीमागे जायचे. त्याच्यासमोर मी कोरड्या शेवया आणि एक पळी ठेवली. तो पळीने शेवया उचलायचा, वरून सोडायचा आणि परातीवर पडतानाचा आवाज ऐकत राहायचा. बरेच दिवस एवढंच चाललं. मग एका सकाळी पळीला अडकलेली एक शेवई त्याने नखाने सोडवली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि मोडली. टक्! लगेच दुसरी घेतली. तिसरीपर्यंत अख्खा तळहात शेवयांत होता.

तूही कोरड्यापासूनच सुरुवात कर, हातात पळी किंवा वाटी देऊन. मात्र कोरडी मॅकरोनी, शंखाच्या आकाराचा बारीक पास्ता तीन वर्षांच्या आत नको; मुलं ते नाकात घालतात, घशात अडकतं. शेवया असल्या तरी जवळून उठायचं नाही.

ती रमली की मग शिजवलेलं दे. पास्ता लांब असेल तर आधीच बोटभर तुकडे कर. खातो त्याहून मऊ शिजव, मीठ घालू नकोस. गार पाण्याखाली धुऊन चमचाभर तेल लाव, म्हणजे गोळा होत नाही. रंगाला बिटाचं पाणी किंवा हळद पुरे. हळदीचे हात साबणाने धुताना पिवळ्याचं लालसर होतं, तेही तिला दाखव. शेजारी ओलं फडकं ठेव आणि तिला हवं तेव्हा हात पुसू दे. पुसायची सोय आहे हे कळलं की मुलं जास्त वेळ टिकतात.

खेळ दोन तासांच्या आत आवर, दुसऱ्या दिवसाला काही ठेवू नकोस. शिजलेलं उघड्यावर राहिलं की खराब होतं आणि मुलं ते तोंडात घालणारच. कच्च्या पिठाचा गोळा दिलास तर तो तोंडात जाऊ देऊ नकोस, कच्च्या पिठातही जंतू असतात. गव्हाने अंगावर पुरळ उठत असेल तर तांदळाच्या शेवया घे.

एक मात्र बघ. दात घासणं, कपड्याची शिवण, नवी भाजी, सगळ्यालाच ती असा आकांत करत असेल आणि मोजकंच खात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखव. वाट बघत बसू नकोस.

प्रश्न : बाई, चार वर्षांच्या नातवाला रंगीत पास्त्याच्या माळा करायच्या आहेत. मी रंगवला, पण पाण्यात तो मऊ पडला आणि रंग हाताला लागतो.
— निपाणीहून एक आजोबा

उत्तर : पाणी वापरूच नका. नळीसारखा कोरडा पास्ता पिशवीत घाला, वर खायचा रंग आणि चमचाभर व्हिनेगर, तोंड बांधून नातवाला हलवायला द्या. मग वर्तमानपत्रावर पसरून रात्रभर वाळवा. ओवायला नाडी घ्या आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे सुई लागत नाही. घरात त्याच्याहून लहान मूल असेल तर खाली सांडलेला एकेक तुकडा उचलून घ्या. माळा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात ओल धरून त्यांना किडे लागतात.