शाळेच्या आवारात मुलांना निसर्ग जवळचा वाटावा यासाठी आखणी कशी करावी?

आपण लिहिले आहे की, आपल्या संस्थेला बडोद्याजवळ शाळेसाठी ३ एकर जमीन मिळाली असून तिच्या एका कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून तो कोपरा मुरूम टाकून भरून घ्यावा आणि उरलेल्या जागेत बाग करावी, असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. कृपा करून तो कोपरा भरू नका. बाकीच्या सर्व गोष्टी त्यानंतर येतात.

बडोद्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी २६ वर्षे विज्ञान शिकवले. आमच्या मैदानाच्या टोकाला वर्गखोलीएवढा एक खोलगट भाग होता. जूनअखेरीस पहिला जोरदार पाऊस झाला की तिथे गुडघाभर पाणी भरे आणि दुसऱ्या दिवशी सोनबेडूक येत. एरवी मातकट हिरवा दिसणारा नर त्या दिवसांत हळदीने माखल्यासारखा पिवळाधमक होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. पाचवीतील एका मुलीने मला विचारले होते, "बाई, याला कावीळ झाली आहे का?" त्या प्रश्नावर पुढचे तीन तास गेले. मग मुलांनी रोज मधल्या सुट्टीत पाण्याशी जाऊन बेडकाच्या पिल्लांची चित्रे वहीत काढायची आणि शेजारी तारीख लिहायची, असा क्रम पडला. मागचे पाय आधी फुटतात हे पुस्तकात छापलेले असतेच, परंतु ते ज्या मुलाने स्वतः तारखेसह टिपले आहे, त्याला ते परीक्षेसाठी पाठ करावे लागत नाही.

एका वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत संस्थेने तो खड्डा भरून मैदानभर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवले. बैठकीत मी विरोध केला तेव्हा एका विश्वस्तांनी सांगितले की, साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि निसर्गच दाखवायचा असेल तर मुलांना वर्षातून एकदा कमाटीबागेत न्यावे. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली लोकांसाठी खुली केलेली ती बाग मलाही प्रिय आहे, पण सहल एका दिवसाची असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरते. मुलाला निसर्गाची ओळख व्हायची असेल तर ती या दिवसांतच होईल. डासांचे म्हणाल तर सोनबेडकाची पिल्ले मांसाहारी असतात, आणि तीही, चतुराच्या अळ्याही डासांच्या अळ्या खातात. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत आठवडा ते दहा दिवस लागतात आणि तेवढे दिवस निर्धोक पाणी त्याला मिळते ते गच्चीवरच्या उघड्या टाकीत, तुंबलेल्या पन्हाळीत आणि कुंडीखालच्या ताटलीत. आमच्या शाळेत या तिन्ही गोष्टी होत्या आणि त्यांबद्दल कुणी बैठक बोलावली नाही.

पुढच्या पावसाळ्यात पहिलीच्या वर्गात घोटाभर पाणी शिरले, कारण सगळ्या मैदानाचा उतार त्या खड्ड्याकडे होता आणि आता पाण्याला जायला जागाच उरली नव्हती.

इमारतीविषयी थोडक्यात सांगते. तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, खिडक्या उत्तरेला व दक्षिणेला घ्याव्यात, कारण दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या भिंतीला भाजून काढते. त्या बाजूला जिने, भांडारघर आणि बाहेर कडुनिंब, करंज किंवा शिरीष असावा. लवकर हिरवे दिसते म्हणून कोनोकार्पस लावू नये. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली आहे. फुलपाखरांसाठी फुलझाडांवर पैसे घालवण्यापेक्षा कढीपत्ता, लिंबू आणि रुई लावावी, कारण काही फुलपाखरे अंडी याच झाडांवर घालतात. कुरतडलेली पाने दिसली की माळी झाडावर औषध मारतो, त्याला आधीच समजावून ठेवावे लागेल.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आपली जमीन डभोई-करजणकडच्या काळ्या मातीची असेल तर पाणी सहज मुरणार नाही, महिनोन्‌महिने उभे राहील; गोराडू म्हणजे रेताड पोयट्याची असेल तर लवकर उतरेल. म्हणून आधी खड्डा घेऊन माती पाहावी. बालवाडीच्या मुलांसाठी काठाला कुंपण हवेच आणि पाणी गुडघ्यापेक्षा खोल नसावे. साप येतील, तेव्हा काठावरचे गवत कापलेले असावे. जागा विश्वामित्री नदीच्या पुराच्या पट्ट्यात असेल तर मी हा सल्ला देणार नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्तीत आल्या होत्या, हे आपण पाहिलेच असेल.

त्या बैठकीत मी फक्त बेडकांबद्दल बोलले आणि भावनाप्रधान ठरले. एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २ लाख लिटर पाणी होते, म्हणजे आपल्या ३ एकरांवर ६ लाख लिटर. हा हिशेब मी त्या दिवशी मांडायला हवा होता. आपण बैठकीला जाताना तो कागदावर लिहून न्या आणि कोपरा भरल्यावर हे पाणी कोणत्या वर्गात जाईल, एवढेच विचारा.