बसमध्ये वाकळ शिवायची तर पिशवीत काय ठेवावं?

तुमचा प्रश्न असा आहे: रोज खानापूर-बेळगाव बसने ये-जा, जुन्या साड्यांची वाकळ हाताने जोडायला घेतलीय, वाटेत शिवायला सोबत काय न्यावं आणि सुया-दोरे विस्कटू नयेत म्हणून कसं ठेवावं?

आधी एक ठरवा. बसमध्ये वाकळ न्यायची नाही, वाकळेचा तुकडा न्यायचा. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी (त्यांच्याकडची वाकळ) शिवतात ती कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत. फार देखणं काम, पण सगळा पसारा कायम मांडीवर लागतो, म्हणून ते घरात बसूनच करायचं. तिच्या चार कोपऱ्यांना घडीची 'फुलं' लावतात, तेवढी मात्र वाटेत करून ठेवता येतात.

बससाठी मी दोनच कामं सुचवेन.

पहिलं, कागदावरचे षटकोन. ३ सेंमी बाजूचा षटकोन जुन्या लग्नपत्रिकेतून कापा. तो कागद हवा तेवढाच ताठ असतो. छापलेली आणि सोनेरी वर्खाची बाजू टाळा, इस्त्री केली की रंग कापडावर उतरतो. कापडाचे ८ सेंमीचे चौकोन घेतले तरी चालतं, जादा भाग कागदाच्या मागे दुमडून कच्च्या टाक्याने अडकवायचा. दोन षटकोन जोडताना सुई फक्त कापडाच्या घडीतून जावी, इंचाला १२ ते १५ टाके. सुई कागदातून गेली तर शेवटी कागद ओढताना टाकेही उसवतात. सगळ्या बाजू जोडून झालेल्या षटकोनाचाच कागद काढा.

दुसरं, ३० सेंमीचे चौकोन. वरचं कापड, मधले साडीचे दोन-तीन पदर (थर) आणि अस्तर घरीच कच्चे टाके घालून पक्कं करा, टाक्यांच्या ओळींत चार बोटं अंतर. सेफ्टी पिना लावू नका, गर्दीत त्या उघडतात. वाटेत फक्त धावदोरा घालायचा, चारही कडांना २ सेंमी सोडून. ती जागा मोकळी असेल तरच पुढे चौकोन एकमेकांना जोडता येतील.

आता सुई-दोरा. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. षटकोनाला ९ किंवा १०, पदर शिवायला ७, आणि दोन्हीला आखूड सुई, कारण लांब सुई धक्क्याने वाकते आणि शेजारच्याच्या दंडालाही लागते. दोरा सुतीच घ्या. पॉलिएस्टरचा पक्का दोरा जुन्या सुती साडीपेक्षा मजबूत असतो, ताण आला तर दोऱ्याऐवजी कापड टाक्याशेजारी फाटू शकतं. लांबी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे ४५ सेंमीच्या आसपास. त्याहून लांब घेतला की पीळ बसून गाठी होतात. मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घेतला तर गुंता बराच कमी होतो.

चालत्या बसमध्ये सुई ओवता येत नाही, म्हणून ही युक्ती करा. दोरा रिळावरच ठेवायचा आणि घरी त्याचं टोक एकामागून एक दहा सुयांच्या नेढ्यांतून ओवून टोकाला मोठी गाठ मारायची. लागेल तेव्हा टोकाजवळची सुई धरून तिच्यासोबत हातभर दोरा ओढा, बाकीच्या नऊ मागे रिळाकडे सरकवा आणि दोरा कापा. उरलेल्या टोकाला पुन्हा गाठ मारा, नाहीतर नऊच्या नऊ सुया सीटखाली जातील.

ठेवायला प्लास्टिकच्या डब्यापेक्षा चंची उत्तम. पानसुपारीसाठी आजीच्या कमरेला असायची तीच कल्पना: कप्पे, घडी आणि बांधायला नाडी. डबा उघडला की सगळं सांडतं, चंची मांडीवर पसरते आणि तिथेच राहते.

बाहेरचं कापड आणि अस्तर प्रत्येकी २० × ३८ सेंमी. खणाचा तुकडा असेल तर बाहेरून शोभतो. शिवणीत चारही बाजूंनी १ सेंमी गेला की १८ × ३६ उरतं, म्हणजे १२-१२ सेंमीचे तीन भाग. खिशासाठी २० × २० चा चौकोन उलटा दुमडून समोरची कड शिवा आणि सुलटा करा, ९ सेंमी उंचीची पट्टी मिळेल. ती अस्तराच्या मधल्या भागावर, खालच्या कडेपासून १३ सेंमीवर ठेवून तळाशी शिवा आणि ४, ६ आणि ८ सेंमीचे तीन कप्पे पाडा. खिसा मधल्याच भागावर हवा. खालच्या भागावर घेतला तर घडी घालताना तोंड खाली येतं आणि अंगुस्तान (सुई ढकलायची बोटावरची टोपी) बाजूने घरंगळून जातं. खालच्या भागावर जुन्या घोंगडीचा १० × १४ चा तुकडा फक्त एका कडेने टाचा. सुया त्यात, आडव्या. मग अस्तर आणि बाहेरचं कापड सुलट बाजू आत ठेवून शिवा. खालच्या कडेच्या मध्यावर ६० सेंमीची नाडी आत अडकवा आणि उलटायला ८ सेंमी जागा सोडा. उलटून झालं की ती जागा हाताने शिवा. बंद करताना आधी वरचा भाग खिशांच्या तोंडांवर, मग घोंगडीचा भाग त्यावर, नाडीचे दोन वेढे.

घोंगडीच का? कापूस दमट हवेत पाणी धरतो आणि खानापूरच्या पावसात कापसाच्या उशीतली सुई लवकर गंजते. लोकरीला मेंढीचं स्निग्ध अंग असतं, सुई टिकते. पावसाळ्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी एका कप्प्यात टाका.

कप्प्यांत काय? अंगुस्तान मधल्या बोटाचं, हात खाली झटकला तरी न पडणारं. बोथट टोकाची छोटी कात्री किंवा धागा कटर. साबणाची वाळलेली पातळ चकती खुणा करायला. खडूपेक्षा रेघ बारीक येते आणि धुतली की जाते. आणि नोटा मोजताना बोटावर घालतात ती रबरी टोपी. बेळगावच्या गणपत गल्लीत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. चार पदरांत अडकलेली सुई घामट बोटांनी सुटत नाही, तर्जनीवर ही टोपी असली की एका ओढीत येते.

उतरायच्या थोडं आधी हात थांबवा आणि सुया मोजा, निघताना दहा तर उतरताना दहा. अर्धवट कामात सुई टोचून रात्रभर ठेवू नका. गंजाचा डाग साडीवर पडला तर नुसत्या साबणाने निघत नाही.