मैत्रीण कॉलेज सोडून जॉइन होतेय, मग मी का नाही?

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय, बरंच लांब आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगी २१ पूर्ण, कॉम्प्युटर सायन्सला, डिग्रीचे २७ क्रेडिट बाकी. उन्हाळ्यात एका स्टार्टअपमधे इंटर्नशिप केली, त्यांना तिचं काम आवडलं आणि आता फुलटाइम ऑफर दिलीये, वर्षाला १ लाख १५ हजार डॉलर, पण जानेवारीतच जॉइन व्हायचं, डिग्रीचं आम्हाला काही नाही म्हणे. तिच्यासोबतची इंटर्न कॉलेज सोडून चालली पण. घरात तेव्हापासून कुरुक्षेत्र. बाबांचं म्हणणं आपल्या घराण्यात ग्रॅज्युएट न झालेलं कोणी नाही, आजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तेच ऐकवतायत, आणि मुलगी म्हणते तुम्हाला फक्त मंडळात चारचौघांत सांगायला डिग्री हवीये. आणि मग पत्राच्या पार तळाला, सहज आठवलं म्हणून लिहिल्यासारखं: ती पाच वर्षांची असताना आम्ही इकडे आलो, ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, मागच्या वर्षी तिला एच-४ (आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर मुलांना मिळणारा व्हिसा) वरून एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वर घेतलं, धाकटा मात्र इथेच जन्मलाय.

अहो, हे पत्राच्या डोक्यावर लिहायचं होतं! बाकी सगळं भांडण याच्यापुढे फिजूल आहे. तिची मैत्रीण बहुतेक सिटिझन आहे, ती उद्या कॉलेज सोडून पिझ्झाची डिलिव्हरी करू लागली तरी कोणी विचारणार नाही. तुमची लेक एफ-१ वर आहे, म्हणजे तिचं या देशात राहणं हेच कॉलेजात नाव असण्यावर टिकलंय, आणि कंपनी कितीही "ये ये" म्हणत असली तरी काम करायची परवानगी कंपनी देत नसते.

आता जानेवारीत कॉलेज सोडून जॉइन झाली तर काय होईल ते सरळ सांगते. कॉलेजला तिचं नाव गेल्याचं सेव्हिसमधे (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) कळवावंच लागतं, ते त्यांच्या हातात नाही. डीएसओला (कॉलेजातले परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम बघणारे अधिकारी) आधी सांगून नीट बाहेर पडली तर देश सोडायला १५ दिवस, न सांगता गेली तर तेही नाहीत. डिग्री पूर्ण करणाऱ्याला ६० दिवस मिळतात तसे हे नाहीत. आणि अशा अवस्थेत केलेलं काम म्हणजे विनापरवाना काम, ते पुढे प्रत्येक अर्जात आडवं येतं. बरं, सहा महिने ब्रेक घेऊन परत येईन म्हणाली तर पाच महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की नवा आय-२० (एफ-१ साठी कॉलेज देतं तो कागद) काढायचा आणि सीपीटी (शिकताना कोर्सचा भाग म्हणून काम करायची परवानगी) नि ओपीटी (कोर्सनंतर आपल्या विषयात काम करायची परवानगी) यांच्यासाठी पुन्हा एक अख्खं शैक्षणिक वर्ष भरायचं. आणि बाहेर म्हणजे कुठे, तर पुण्याला, जिथे ती पाचव्या वर्षानंतर फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलीये.

मुली हुशार असतात, ती म्हणेल मग मी सीपीटीवरच फुलटाइम काम करत राहते. असं बऱ्याच मुलांना सीनियर्स सांगतात. सीपीटी ही कोर्सचा भाग म्हणूनच मिळते, कॉलेजात शिकत असतानाच, आणि फुलटाइम सीपीटी १२ महिने भरली की त्या लेव्हलची ओपीटी गेली. ओपीटी गेली म्हणजे तिच्यावरची स्टेम एक्स्टेन्शनपण (सायन्स, इंजिनीअरिंगवाल्यांना मिळणारी वाढीव मुदत) गेली. १२ महिने अधिक २४ महिने, अशी तीन वर्षं कुठलाही स्पॉन्सर न शोधता काम करायची जी एकमेव सोय तिच्याकडे आहे ती एका घाईपायी घालवायची? उन्हाळ्याचे तीन महिने झालेत त्याने काही बिघडत नाही. आणि पहिल्या दिवसापासून सीपीटी देतो म्हणणाऱ्या कॉलेजांची नावं कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवली तर कृपा करून पुढे पाठवू नका, तिथला घोळ निस्तरायला नंतर वकील लागतो.

पुढचं पण बघा. एच-१बी (कंपनी स्पॉन्सर करते तो नोकरीचा व्हिसा) ला बॅचलर्स लागते किंवा त्याच्या तोडीचं काहीतरी, आणि तोडीचं म्हणजे कॉलेजच्या प्रत्येक कमी वर्षाला तीन वर्षांचा अनुभव. तिचं एक वर्ष कमी आहे, मग तीन वर्षं अनुभव हवा, आणि तो अनुभव ती घेणार कुठल्या परवानगीवर? ग्रीन कार्डच्या ईबी-३ प्रोफेशनल कॅटेगरीत तर अनुभवाची बेरीज चालतच नाही, डिग्री म्हणजे डिग्री. शिवाय सप्टेंबर २०२५ मधे देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर लावायची घोषणा झाली, तेव्हा इथून बाहेर पडून मग बघू काय करायचं ते, हा विचार आता पूर्वीइतकाही परवडत नाही.

म्हणजे उत्तर ठरलेलंच आहे, डिग्री पूर्ण करायची. पण मला खरं तर तुमच्याशी बोलायचंय ते वेगळं. ती चिडलीये आणि तिचं चिडणं मला रास्त वाटतं. कारण तुम्ही तिला घराण्याचं नाव, आजी, मंडळ ही कारणं देताय, जी तिला पटणारच नाहीत (मलाही पटत नाहीत, तिला ऑफर आलीये म्हणजे तिला काम येतं हे सिद्ध झालंय), आणि खरं कारण कोणी तिच्यासमोर बसून नीट सांगितलेलंच नाही. बऱ्याच घरांत हे होतं, व्हिसाचं टेन्शन मुलांना नको म्हणून आईबाप वर्षानुवर्षं सगळं स्वतःच्या पोटात ठेवतात, मुलं इथल्या शाळेत इथल्यासारखीच वाढतात, आणि २१ व्या वाढदिवसाला कळतं की आपण आता आईबाबांच्या रांगेतच नाही. तिला वाटत असेल एच-४ वरून एफ-१ म्हणजे नुसता एक फॉर्म बदलला. आणि समोर धाकटा, त्याच डायनिंग टेबलवर, ज्याला यातलं काहीच लागू नाही. तिला तुमच्या आय-१४० चे (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) कागद दाखवा, प्रायॉरिटी डेट (रांगेतला नंबर ठरवणारी तारीख) काय आहे ते सांगा, वकिलाने तिच्या वयाचा सीएसपीएचा (ग्रीन कार्डसाठी मुलांचं वय कसं मोजायचं त्याचा कायदा) हिशोब केला असेल तर तोही दाखवा, केला नसेल तर आधी करून घ्या. आणि हे तिच्या बाबांनी सांगावं, तुम्ही नाही, कारण घराण्याची भाषा त्यांनी सुरू केलीये.

आता ऑफरचं. मला ही ऑफर हातची जाऊ द्यायची नाहीये, लगेच नाही म्हणून टाकू नका तिला. २७ क्रेडिट आहेत ना, अॅडव्हायजरकडे जाऊन स्प्रिंगला १५ आणि समरमधे १२ असं बसतंय का बघायचं, हवे ते विषय समरमधे शिकवतात का ते नीट तपासून, कारण नेमका एखादा कम्पल्सरी विषय फक्त फॉलमधेच असतो आणि सगळं मुसळ केरात. बसलं तर ऑगस्टमधे मोकळी. ओपीटीचा अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे मे मधेच, आणि घाई असेल तर प्रीमियम प्रोसेसिंग (जादा फी भरून लवकर निकाल) आहे. मग कंपनीला तिने लिहायचं की मला यायचंच आहे, स्प्रिंगमधे डिपार्टमेंटने परवानगी दिली तर पार्टटाइम सीपीटीवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करते, आणि ओपीटीचं कार्ड हातात आलं की फुलटाइम. पार्टटाइम सीपीटीने ओपीटीला धक्का लागत नाही. सोबत दोन प्रश्न विचारून घ्यायचे: तुम्ही ई-व्हेरिफायमधे (कर्मचाऱ्याला काम करायची परवानगी आहे का ते तपासायची सरकारी ऑनलाइन सोय) आहात का, कारण नसाल तर स्टेम एक्स्टेन्शन मिळणार नाही, आणि एच-१बी साठी माझं नाव रजिस्टर कराल का. छोट्या स्टार्टअपला बरेचदा हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं आपण हो म्हटलं की झालं. हे ऐकून गांगरले आणि ऑफर मागे घेतली तर वाईट वाटेल, पण मग ती कंपनी पुढच्या वर्षी स्पॉन्सरशिपच्या वेळीपण गांगरली असती.

यूके कॅनडावाले वाचक विचारतील म्हणून एका वाक्यात, तुमच्याकडेही शिक्षणानंतर काम करायची परवानगी, म्हणजे यूकेचा ग्रॅज्युएट रूट आणि कॅनडाचं पीजीडब्ल्यूपी, कोर्स पूर्ण केल्यावरच मिळतं, अर्धवट सोडून नाही.

आणि धाकट्यावर उद्या अशी वेळ आली तर त्याला वरचं काहीही ऐकवू नका. तो सिटिझन आहे, त्याचा हिशोब वेगळा. त्याने लीव्ह ऑफ अॅबसन्स घेऊन, किती दिवस जागा राखून ठेवतात ते लेखी घेऊन वर्षभर नोकरी केली तर मी त्याला अडवणार नाही. फेडरल लोन असेल तर हाफटाइमच्या खाली गेल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात आणि जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत मागतात, एवढं लक्षात ठेवलं की बास, हेल्थ इन्शुरन्स तुमच्याच प्लॅनवर २६ पर्यंत चालतो. ताईला एक नियम नि मला एक, हे त्याला आवडेल, तिला नाही आवडणार, ते तुम्हाला सांभाळावं लागेल.

डीएसओची अपॉइंटमेंट मात्र याच आठवड्यात घ्या, आणि तिच्यासोबत तुम्ही जाऊ नका, तिला एकटीला जाऊ दे. डिसेंबरच्या मध्यानंतर ती ऑफिसं ओस पडतात आणि कंपनीला उत्तर तर जानेवारीआधी द्यायचंय.