'टेक द बुल बाय द हॉर्न्स' वापरायचं असेल तर

अवघड प्रश्न टाळत न बसता त्याला थेट भिडणं, एवढाच या वाक्प्रचाराचा अर्थ. 'आला अंगावर तर घेतला शिंगावर' डोक्यात ठेवून तो वापरू नका. आपल्याकडे शिंगावर घेतात ते माणसाला. इंग्रजीत हा बैल म्हणजे अडचण. त्यामुळे साहेबांशी भांडण झालं हे सांगायला तो चालणार नाही.

काळानुसार फक्त 'टेक' बदलतं: टुक, टेकन, टेकिंग. बाकी काही हलवू नका. दोन्ही 'द' हवेत, 'बाय'च्या जागी 'विथ' नको, आणि 'हॉर्न्स' अनेकवचनीच ठेवा.  इथे चूक होऊ शकते.

सुरुवातीला एकच साचा पक्का करा: 'शी डिसायडेड टु टेक द बुल बाय द हॉर्न्स अँड टॉक टु हर बॉस.' 'अँड'नंतर नेमकी कृती आली की वाक्य भरीव होतं. ती नसेल तर नुसताच आव वाटतो.

आधी टाळाटाळ किंवा भीती असायला हवी. जेवायला काय मागवायचं, अशा निर्णयाला हा वाक्प्रचार फार जड. नको असलेली गोष्ट निमूट सोसायची असेल तर 'बाइट द बुलेट', बराच विचार करून मोठं पाऊल टाकायचं असेल तर 'टेक द प्लंज'.

बोलताना, मुलाखतीत, सहकाऱ्याच्या ईमेलमध्ये खुशाल वापरा. अर्जात किंवा कायदेशीर पत्रात मात्र साधं 'डील विथ इट डायरेक्टली' लिहा. वरिष्ठांना आज्ञार्थी रूपात तर कधीच नको. तो उपदेश वाटतो.