लंगडणाऱ्या कोंबडीला सुई टोचण्याआधी तिचा तळपाय बघा

पावसाळा मुरला की परसातल्या कोंबड्यांच्या पायांच्या तक्रारी सुरू होतात. भात पट्ट्यातून आलेले तीन प्रश्न घेतो. बाकीच्यांची उत्तरे त्यातच मिळतील.

प्रश्न: आमच्या 20 गिरिराज कोंबड्यांपैकी चार लंगडतात. तळपायाला सूज आहे, मधोमध काळी खपली आहे. खाद्याच्या दुकानदाराने अँटिबायोटिकची पावडर दिली. पाच दिवस पाण्यातून पाजली, फरक नाही. आता डोस दुप्पट करा म्हणतो. करू का?

करू नका. दुप्पट नाही आणि दीडपटही नाही.

हा तळपायातला गळू आहे, बंबलफूट म्हणतात तो. पायाला बारीक चीर पडते, त्यातून जंतू आत शिरतात आणि आत पू साठतो. कोंबडीचा पू माणसासारखा पातळ नसतो, तो घट्ट पिवळट गाठ होऊन बसतो. पाण्यातून पाजलेले औषध त्या गाठीच्या आत पुरेसे पोचत नाही. म्हणून पाच दिवसांत फरक दिसला नाही, आणि दहा दिवस पाजली तरी दिसणार नाही. औषधाचा अंश मात्र अंड्यात उतरतो आणि ते अंडे तुमचीच मुले खातात.

घरी करायचे ते असे. कोंबडी वेगळी काढा. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे मीठ घालून पाय 10 ते 15 मिनिटे बुडवून धरा. नीट कोरडा करा, पोव्हिडोन आयोडिनचे मलम लावा, वर कापसाची घडी आणि सुती पट्टी. पट्टी सैलसर हवी, बोटे गार किंवा काळी पडता कामा नयेत. रोज सोडून पुन्हा हेच. हातात मोजे घाला, कारण हे जंतू माणसाच्या जखमेतही शिरतात. सूज नवी असेल तर आठ-दहा दिवसांत कोंबडी पाय टेकू लागते.

दाढीच्या ब्लेडने गाठ कापू नका. दाबून पिळू नका. गाठ घट्ट असल्याने पिळून बाहेर येत नाही, उलट घाण सांध्याकडे सरकते. गाठ टणक झाली असेल, सूज घोट्यापर्यंत चढली असेल तर कोंबडी दवाखान्यात आणा, तिथे ती रीतसर काढता येते.

आता मुख्य गोष्ट. चार कोंबड्यांना एकाच वेळी गळू झाला म्हणजे दोष खुराड्यात आहे. गिरिराज, वनराज या अंगाने जड जाती. त्यांना बसायला गावठी कोंबडीसारखी चार-पाच फुटांवर दांडी दिली की रोज सकाळी त्या धपकन कडक जमिनीवर उतरतात. दांडी दीड फुटाच्या वर नको, दोन इंच रुंद हवी, कडा घासून गोल केलेल्या हव्यात. खिळे आणि जाळीची टोके बघून घ्या.

आणि खुराड्यातली तुसाची गादी कोरडी ठेवा. मी ज्या ज्या खुराड्यात लंगड्या कोंबड्या बघितल्या, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी पायाखालचे तूस ओले होते. ओल्या तुसात विष्ठा कुजते, तळपायाची कातडी मऊ पडते आणि मग साधा खडाही पुरतो. भाताच्या गिरणीतून तूस आणा, पावसाळ्यात चार इंच थर द्या. रोज सकाळी मूठभर तूस हातात घेऊन आवळा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली, भुरभुर सुटले तर ठीक. ओला भाग, विशेषतः पाण्याच्या भांड्याखालचा, उचलून उकिरड्यावर टाका. एक दिवसाआड फावड्याने वर-खाली करा, थोडी चुन्याची फक्की मिसळा. भांडे विटेवर ठेवा म्हणजे सांडणार नाही. गादीवर दोनशे रुपये घातलेत तर औषधाचे हजार वाचतील. तुम्ही माझे बाकी काही ऐकले नाही तरी चालेल, पण एवढे करा.

प्रश्न: कोंबड्यांच्या नडग्यांवरचे खवले उचलले गेलेत, पांढरट भुकटी पडते, पाय जाड झालेत. एकाने जळके ऑइल लावा सांगितले, दुकानदाराने जनावरांचे आयव्हरमेक्टिनचे (किडे-जंत मारायचे औषध) इंजेक्शन अर्धा मिली टोचा सांगितले.

दोन्ही चूक. दुसरे तर जिवावर बेतणारे.

खवल्यांखाली डोळ्यांना न दिसणारा किडा घर करून राहतो. जळके ऑइल आणि रॉकेल कातडी भाजतात, ते लावू नका. आयव्हरमेक्टिनचा हिशोब मात्र नीट वाचा. जनावरांच्या बाटलीत एका मिलीत 10 मिलिग्रॅम औषध असते. पक्ष्याला किलोमागे 0.2 मिलिग्रॅम धरतात. दीड किलोच्या कोंबडीला ते झाले 0.03 मिली, म्हणजे साध्या सुईत नीट मोजताही येणार नाही एवढे. दुकानदाराचा अर्धा मिली याच्या सोळा पटींहून जास्त आहे. अशा कोंबड्या मान टाकून पडलेल्या मी बघितल्या आहेत. दुकानात बाटली मिळते म्हणून ती कोंबडीसाठी आहे असे नाही. हे औषध द्यायचेच असेल तर पशुवैद्यकाने द्यावे. अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही त्यांनाच विचारा.

घरचा उपाय सोपा आहे, फक्त चिकाटी लागते. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवा, दातांच्या जुन्या ब्रशने हलकेच घासा, खवले ओढून काढू नका. पाय कोरडे करून घोट्यापर्यंत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोपडा. त्याने किडा गुदमरतो. एक दिवसाआड, तीन आठवडे. लोक आठवड्याने पाय बरा दिसला की थांबतात आणि महिन्याने परत विचारायला येतात. दिसायला एकच कोंबडी आजारी असली तरी सगळ्यांना लावा, आणि दांड्या उकळत्या पाण्याने धुवा.

याच वेळी खुराड्याच्या फटी बघा. दिवसा तिथे गोचीड लपते आणि रात्री रक्त पिते. तिच्यामुळेही कोंबडी पायातून जाते, आणि आपण उगाच पाय चोळत बसतो. फटी मातीने किंवा सिमेंटने बुजवा. गोचिडीचे औषध फवारायचे ते रिकाम्या खुराड्यात, दाणा-पाणी बाहेर काढून. पिकावरचे कीटकनाशक कोंबडीच्या अंगावर कधीच नको.

प्रश्न: तीन महिन्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) पाय पसरून बसतात. वेदनेची गोळी आणि कॅल्शियमची बाटली चालू केली आहे.

दोन्ही थांबवा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कोंबडीला द्यायच्या नाहीत. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडे जवळजवळ संपली, म्हणून 2006 साली जनावरांत त्याला बंदी आली. ते औषध पक्ष्याची मूत्रपिंडे निकामी करते. कॅल्शियमचेही तसेच. अंड्यावर न आलेल्या तलंगांना जादा कॅल्शियम दिले की मूत्रपिंडे बिघडतात. ते अंड्यावर आल्यावर द्या, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, दुपारनंतर. कवच मुख्यतः रात्री तयार होते.

आता तलंगा बघा. एक पाय पुढे आणि एक मागे असे ताणून बसत असतील तर मॅरेक्सचा, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या लकव्याचा, संशय घ्या. त्याला औषध नाही. त्याची लस पिल्लू एक दिवसाचे असतानाच हॅचरीत द्यावी लागते. आता ‘लकव्याची लस’ म्हणून कोणी काही टोचायला आला तर त्याला परत पाठवा. पडलेल्या तलंगा वेगळ्या करा आणि पुढची पिल्ले लस टोचलेलीच घ्या.

मान वाकडी, हिरवट हगवण, एकामागून एक पडणे असे असेल तर मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. आजारी कळपाला तेव्हा लस देऊन उपयोग नाही. मानमोडीच्या दोन लसी आहेत: लासोटा पहिल्या आठवड्यात आणि आर-टू-बी आठव्या आठवड्यात, हा क्रम मोडू नका. लवकर उरकावे म्हणून लहान पिल्लांना आर-टू-बी टोचली की लसीनेच पाय जातात. हे दरवर्षी घडते.

पिल्लांची बोटे आत मुडपली असतील तर बहुधा ब जीवनसत्त्वाची कमतरता. बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून द्या, भांडे सावलीत ठेवा, कारण उन्हात ते नासते. पहिल्या दोन-चार दिवसांत दिले तरच पाय सुधारतात. बोटाला दोरा किंवा केस गुंडाळला आहे का, तेही बघा. गावात हे फार असते.

अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, नडग्यांवर लाल डाग दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. मेलेल्या कापू नका, विकू नका, दवाखान्याला कळवा. नवापूरची 2006 ची बर्ड फ्लूची साथ आपल्या राज्यातलीच होती. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 वर फोन करा.

कोंबड्यांसाठीच्या सरकारी अनुदान योजनेचेही काहींनी विचारले आहे. तलंगा गट (25 माद्या, 3 नर) किंवा 100 एकदिवसीय पिल्ले 50 टक्के अनुदानावर मिळतात. अर्ज पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात करा, मुदत आणि कागदपत्रे तिथेच बघा. गट येण्याआधी तूस भरून ठेवा.

लंगड्या कोंबडीची अंडी खावी का, असेही काही ताईंनी विचारले आहे. नुसता गळू असेल आणि कुठलेही औषध पाजले नसेल तर नीट शिजवून खायला हरकत नाही. अँटिबायोटिक दिले असेल तर बाटलीवर लिहिलेले अंडी न खाण्याचे दिवस मोजा, आणि बाटलीवर काही लिहिलेलेच नसेल तर ती बाटली दुकानदाराला परत करा.