‘पित्ताची गोळी’, ‘आम्लनाशक’ आणि ‘आम्लस्रावरोधक’

प्रश्न असा आहे : एका आरोग्यविषयक माहितीपत्रकाच्या मराठी अनुवादात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे पातळ औषध, फॅमोटिडीन आणि पँटोप्राझोल या छातीतल्या जळजळीवरच्या तिन्ही औषधांसाठी ‘आम्लनाशक’ हा एकच शब्द वापरला आहे. तो बरोबर आहे का, आणि त्यापेक्षा सर्वांना कळणारा ‘पित्ताची गोळी’ हा शब्द का वापरू नये?

आधी ‘पित्ता’विषयी. औषधाच्या दुकानात कोणी ‘पित्ताची गोळी द्या’ म्हणाले, की जाणता दुकानदार लगेच विचारतो, ‘पोटातल्या पित्ताची की अंगावर उठलेल्या?’ हा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण मराठीत छातीत जळजळणे हेही पित्त, अंगावर लाल गांधी उठणे हेही पित्त, आणि सकाळी उलटीतून पडणारे कडू, पिवळसर पाणी हेही पित्तच. यांपैकी शालेय पुस्तकातला ‘पित्तरस’, म्हणजे यकृतात तयार होणारा स्राव, फक्त तिसऱ्यात असतो. जळजळ होते ती जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने. पित्तरसाचा त्याच्याशी संबंध नाही, किंबहुना तो किंचित अल्कधर्मी असतो. ‘अम्लपित्त’ ही संज्ञा माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात आहे आणि आयुर्वेदाच्या स्वतःच्या चौकटीत ती अर्थपूर्ण आहे. पण आधुनिक औषधाच्या पत्रकात नुसते ‘पित्त’ लिहिले, तर वाचक गांधींवरचे सेटिरिझिन घेईल की जळजळीवरचे फॅमोटिडीन, हे सांगता येणार नाही.

आणि तरीही या लोकव्यवहारातल्या शब्दाला मी चुकीचा म्हणणार नाही, कारण अंगावरच्या पित्ताला आणि पोटातल्या पित्ताला एक धागा खरोखरच जोडतो. तो धागा म्हणजे हिस्टामीन, शरीरातच तयार होणारे एक संदेशवाहक रसायन. आमच्याकडे गांधी उठल्या की अंगाला आमसुलाचे पाणी लावत आणि पोटात जळजळले तरी आमसुलाचेच सार देत. त्यामागे रसायनशास्त्र नव्हते, पण दोन्ही ठिकाणी हिस्टामीनचा हात असतो हे खरे आहे. फरक आहे तो ग्राहींचा, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागी हिस्टामीन जाऊन बसते त्या रिसेप्टरचा. गांधी उठतात त्या मुख्यतः एच-वन ग्राहीमुळे, तर जठरात आम्ल स्रवण्याचा इशारा मिळतो तो एच-टू ग्राहीमुळे. जुनी हिस्टामीनविरोधी औषधे अंगावरची खाज थांबवत, मात्र आम्लाचा स्राव थांबवू शकत नसत; त्यावरून जठरातला ग्राही वेगळा असला पाहिजे असे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी मानले आणि १९६४ पासून इंग्लंडमधील स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीत त्याचा शोध सुरू केला. हिस्टामीनच्याच रेणूची शेपटी लांबवत आणि बदलत त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरिमामाइड बनवले, पण ते तोंडावाटे नीट शोषले जाईना. मेटिआमाइड चांगले लागू पडले. मात्र काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि संशय रेणूतल्या थायोयुरिया गटावर गेला. तो गट काढून सायनोग्वानिडीन बसवले, तेव्हा सिमेटिडीन हाती आले, आणि १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये विक्रीस आले. ‘टागामेट’ हे त्याचे व्यापारी नावही शब्दप्रेमींनी पाहण्याजोगे आहे : अँटागोनिस्टमधला ‘टाग’ आणि सिमेटिडीनमधला ‘मेट’. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले त्यामागे हे काम होते. रॅनिटिडीन, फॅमोटिडीन या नावांतला ‘-टिडीन’ हा शेवट याच कुळाची खूण आहे.

आता ‘आम्लनाशक’. कीटकनाशक, तणनाशक, जंतुनाशक या शब्दांत एक गोष्ट समान आहे : नाश करायची वस्तू आधी अस्तित्वात असते. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडला हे वर्णन तंतोतंत लागू पडते, कारण तयार झालेले आम्ल त्याच्याशी अभिक्रिया करून क्षार आणि पाणी बनते, म्हणजे आम्ल खरोखरच संपते. पाठ्यपुस्तकात याला उदासिनीकरण म्हणतात आणि अशा पदार्थाला ‘आम्लारी’, म्हणजे आम्लाचा अरी. इंग्रजीतल्या ‘अँटासिड’चा, म्हणजे आम्लविरोधीचा, अर्थ या शब्दात आधीच आलेला आहे, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. खायचा सोडाही हेच काम करतो. फक्त त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून ढेकर येते.

फॅमोटिडीन मात्र एक थेंबही आम्ल नष्ट करत नाही. ते आम्ल तयार करण्याचा एक इशारा अडवते. आणि पँटोप्राझोलच्या बाबतीत तर ‘आम्लनाशक’ हा शब्द उलटा पडतो. ओमेप्राझोल, जे १९८८ मध्ये स्वीडनमध्ये प्रथम बाजारात आले, आणि त्याच्या वाटेने आलेली ‘-प्राझोल’ नावाची सगळी औषधे पोटात जातात तेव्हा निष्क्रिय असतात. रक्तावाटे ती जठराच्या आम्ल स्रवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचतात, तिथल्या तीव्र आम्लात अडकतात, आणि त्या आम्लामुळेच त्यांच्या रेणूची अंतर्गत पुनर्रचना होऊन खरे औषध तयार होते. मग ते हायड्रोजन आयन, म्हणजेच प्रोटॉन, बाहेर ढकलणाऱ्या पंपाच्या प्रथिनातील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाशी पक्का बंध जोडते. औषध रक्तातून काही तासांत निघून जाते, तरी बंद पडलेला पंप बंदच राहतो. पेशीला नवे पंप आणावे लागतात. ज्या औषधाला जागे व्हायलाच आम्ल लागते, त्याला आम्लाचा नाश करणारे म्हणणे मला पटत नाही.

म्हणून माझे मत असे, की ‘आम्लनाशक’ किंवा ‘आम्लशामक’ फक्त अँटासिडसाठी राखावा आणि उरलेल्या दोन्ही वर्गांना ‘आम्लस्रावरोधक’ म्हणावे. भेद दाखवायचा असेल तिथे ‘एच-टू ग्राहीरोधक’ आणि ‘प्रोटॉन पंपरोधक’ असे लिहावे. हे शब्द लांब आहेत, पण त्यांवरून औषध कधी घ्यायचे तेही कळते : जळजळ आत्ता थांबवायची तर नाशक, आणि पंपरोधक जेवणाआधी अर्धा तास, कारण जेवणाने पंप कामाला लागतात तेव्हा औषध तिथे हजर हवे.

त्या अनुवादातला आणखी एक शब्द बदलावा असे सुचवतो. पँटोप्राझोलच्या पाकिटावर ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’ असे छापलेले असते, आणि अनुवादकाने त्याचे ‘जठर-प्रतिरोधक’ केले आहे. ते वाचून औषध जठराला विरोध करते असे वाटेल. गोळीवरचे आवरण जठरात टिकते आणि पुढे आतड्यात विरघळते, एवढाच त्याचा अर्थ आहे. आवरण नसते तर जठराच्या पोकळीतल्या आम्लाने औषध वेळेआधीच सक्रिय होऊन वाया गेले असते. तिथे सरळ ‘आतड्यात विरघळणारी गोळी’ असे लिहावे आणि शेजारी ‘चावू किंवा कुटू नये’ हे शब्द जोडावेत.